गाडी मागं गेली ती माझ्यामुळं

किसन,

तू गेल्याला आज बावीस दिवस झाले. बावीस म्हणजे बावीसच, मोजलेत. "महिना होत आला" असं लिहिणार होतो, पण तू लगेच खिशातली घडीची पट्टी बाहेर काढली असतीस. तुझं माझं जन्माचं भांडण ते हेच. मी सांगायचो, ओढ्याला हत्ती बुडंल एवढं पाणी आलंय. तू म्हणायचास, "हत्ती मोजलायस का कधी? मांडी सांग, कंबर सांग." मी कंबर सांगायचो. तू स्वतः जाऊन बघून यायचास आणि म्हणायचास, "पोटरी."

तर आज पोटरीएवढंच लिहायचं असं ठरवून बसलोय. सवय वाईट आहे, मधेच पाणी चढेल. चढलं की तू वरून खोकल्यासारखं कर, मी खोडीन.

ती गाडी आठव. बाबाराव मालकांनी हैद्राबादच्या कुठल्याशा नवाबाच्या वारसाकडून आणलेली अमेरिकन मोटार. मी तिचा ड्रायव्हर, तू कापसाच्या जिनिंगमधला फिटर. मी सगळ्या मुलखात सांगत फिरायचो की गाडीचं नाक पिंगळीच्या फाटकात शिरलं तरी शेपूट परभणीच्या ठेसनातच असतं. तू मोजली तेव्हा सतरा फूट भरली. बसायला गादी अशी की जिंतूरला पोचलेली सवारी उतरायला मागायची नाही. आणि पेट्रोल? एका पंपावरून निघाली की दुसऱ्या पंपाकडं आशेनं बघत जायची. मग पेट्रोल महागलं. साऱ्या दुनियेत महागलं होतं, पण मालकांना वाटलं आपल्या एकट्यावरच डूख धरून महागवलंय. गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली आणि कोंबड्यांनी तिच्यात संसार थाटला. स्टेअरिंगखालून मी एकदा डझनभर अंडी काढली.

बरं. तीन.

तेव्हा तू आलास. मालक ओट्यावर बसलेले, तू ओट्याखाली उभा. तू म्हणालास, "मालक, हिच्यात डिझेलचं इंजिन बसवू."

"दुसऱ्या कंपनीचं?" मालक म्हणाले. "अमेरिकनच्या पोटात?"

"पोट कुळ इचारत न्हाई मालक. माप इचारतंय."

ओट्यावरच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. मी हसलो, कारण मला हसायला काहीही चालायचं. मालकांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "बसव."

लॉरीनं मागून चेपलेल्या एका टेम्पोचं इंजिन तू नांदेडच्या भंगारातून निवडून आणलंस. ते इंजिन जमिनीवर ठेवलं तेव्हा मला वाटलं, हे या गाडीत बसवणं म्हणजे म्हशीला चोळी घालणं. इंजिनाच्या तोंडाची भोकं एकीकडं, गाडीच्या गिअरबॉक्सची भोकं दुसरीकडं. दोन कंपन्यांनी एकमेकींचं तोंडसुद्धा बघितलेलं नव्हतं. तू दोघींच्या मधे एक लोखंडी प्लेट घालायची ठरवलीस. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतलास, इंजिनाच्या तोंडाला ग्रीस फासलंस आणि पुठ्ठा त्यावर दाबून भोकांचा ठसा घेतलास. तसाच गिअरबॉक्सचा. मग सुट्टीच्या दिवशी मॅनेजरला विचारून जिनिंगच्या लेथवर प्लेट कातायला बसलास. सात रविवार गेले.

सहाव्या रविवारी मी वैतागून म्हणालो, "आरं, बसली की प्लेट! आता काय तिला घासून आरसा करायलास?"

"मधलं भोक केसभर सरकलंय."

"केसभर? केसानं काय होतंय?"

"तुज्या केसानं काय व्हत न्हाई, उरलेच किती! पर हिथं केसभर सरकलं तर क्लचचा दांडा म्हैन्यात मोडंल."

फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, सुई बांधून ती हातानं हळूहळू फिरवायचास, आणि सुईच्या टोकात आणि भोकाच्या कडेत सिगरेटचा पातळ कागद सरकवून बघायचास. एका बाजूला कागद अडायचा, दुसऱ्या बाजूला सहज जायचा. मग परत लेथ. कागद चारी बाजूंनी सारखाच अडायला लागला तेव्हाच तू हात पुसलेस. मी आयुष्यात कुठल्याही गोष्टीचं माप इतकं घेतलेलं नाही. लग्नाच्या अंगठीचंसुद्धा नाही. ती अजून करंगळीत आहे.

इंजिन पहिल्यांदा गाडीत सुरू झालं तेव्हा तू माझ्या हातात एक लांब लाकडी काडी दिलीस. म्हणालास, एक टोक इंजिनाला लाव आणि दुसरं कानाला. मी लावलं. आत सगळं वेगवेगळं ऐकू आलं, एकेक वॉल्व्ह, एकेक खटका, जणू आत चार माणसं पाट्यावर मसाला वाटत होती. तू विचारलंस, "काय ऐकू येतंय?" मी म्हणालो, "वराडात आल्यागत वाटायलंय." तू हसलास, किसन. मोजून दोनदा हसलेला मला आठवतोस, त्यातलं हे एक. बत्तीस वर्षं गाड्या हाकतोय, पण इंजिन ऐकायचं मला तू शिकवलंस. अजूनही गाडीत ती काडी आहे.

एकच काम उरलं होतं. हे इंजिन ताकदीचं, पण सावकाश फिरणारं. जुन्या मागच्या दात्यांवर गाडी बैलगाडीला मागं टाकू शकली नसती. म्हणून मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, इंजिनाची फिरकी चाकांना देणारा, त्यातले दाते बदलायचे होते. नवे दाते हैद्राबादेहून दसऱ्याच्या चार दिवस आधी आले. तू ते गोळ्याच्या आतल्या तुकड्यात बसवलेस, कागदानं तपासलेस आणि तो जड तुकडा गोणपाटावर ठेवलास. दहा नटांवर तो गाडीला बसणार. तू तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतलास, त्याच्या एका कडेला ठिपका दिलास आणि मला बोलावलंस.

"ही वरची बाजू. मी परवा नागपूरला जायलोय. आल्यावर बसवतो. हात लावू नको."

"दसरा हितं करून जा की."

"आमचा दसरा तिकडंच असतोय. धा लाख माणूस जमतंय, आन् मी हितं तुज्या नटाला पाना लावत बसू?"

तुझं दर वर्षी ठरलेलं, पूर्णेहून अकोल्याची गाडी, मग पुढं नागपूर, दीक्षाभूमी. परत येशील तोवर जिंतूरचे दोन जीपवालेही गाडी बघायला येणार होते. त्यांच्या जीपा अशाच डिझेलवर करायच्या होत्या. ते तयार झाले की तू जिनिंगची नोकरी सोडणार, जिंतूर नाक्यावर स्वतःची शेड टाकणार. जागेवाला कबूल झाला होता. पत्र्याची पाटीसुद्धा तू कापून ठेवली होतीस, फक्त रंगवायची राहिली होती. हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर आज हा कागद खराब केला नसता.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं धुतात. नांगराचा फाळ, कुऱ्हाडी, विळे, मालकांच्या बापाची गंजलेली तलवार, सगळं धुवायचं, पुसायचं, ओळीनं मांडून हळदीकुंकू लावायचं. मी म्हटलं, गाडीनं काय पाप केलंय? जॅक धुतला, पाने धुतले, आणि तो गोळ्याचा तुकडाही डिझेलमधे बुडवून, ब्रश मारून असा चकाचक केला की त्यात तोंड बघून भांग पाडावा. हळदीची पाच बोटं ओढली, कुंकू लावलं. मालक बघून खूश झाले. चुन्याचा ठिपका कधी गेला मला कळलंसुद्धा नाही. हात जोडून उभा होतो, किसन. तुझी खूण धुऊन तिला नमस्कार करत होतो.

मालक म्हणाले, "उद्या शिलंगणाला गाडीतच जायचं."

मी म्हणालो, "मिस्त्री येऊ द्या मालक."

"धा नट आवळायला मिस्त्री लागतोय? तूच सांगतूस न्हवं, डोळे बांधून इंजिन खोलतो म्हणून?"

सांगत होतो. गावभर सांगत होतो. एकदा तर सांगितलं होतं की निजामाच्या लष्कराचा रणगाडा मी एका पान्यावर दुरुस्त केला. आता "मला येत नाही" हे तीन शब्द घशातून वर आणायचे म्हणजे घरचा आड ओकून काढण्यासारखं होतं. मी पाना घेतला. नट गोल रिंगणात आहेत, तुकडा कसाही धरला तरी भोकं जुळतात. मी धरला तसा धरला. वरची बाजू खाली गेली. दहा नट आवळले आणि वर येऊन मिशीवर हात फिरवला.

दसऱ्याचा दिवस. मालक जरीचा फेटा बांधून मागच्या गादीवर. बाईसाहेबांनी गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. आपट्याची पानं घेऊन सगळं गाव उभं, त्यात सोनं द्यायला आलेले जिंतूरचे ते दोन जीपवालेही होते. वाजंत्री गाडीच्या मागं. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागं निघाली.

लोक शीव ओलांडायला निघतात, आमची गाडी गोठ्यात निघाली. मी घाबरून दुसरा गिअर टाकला. ती जास्त जोरात मागं गेली. हलगीवाला उडी मारून बाजूला झाला, आणि सतरा फुटांची ती अमेरिकन कडब्याच्या गंजीत दारापर्यंत घुसली. मालकांचा फेटा नाकावर आला. पेंढ्या वरून पडत राहिल्या.

मालक बाहेर आले. डोक्यावर कडबा. "रंगनाथ! काय केलंस रं हे?"

त्या क्षणाला मी पुष्कळ वेळा परत गेलोय. एवढीशी जागा होती, एक श्वास घेण्याएवढी. तेवढ्यात मी म्हणालो, "मी काय केलं मालक? इंजिन दुसऱ्या कंपनीचं. ते उलटं फिरायलंय. मिस्त्रीनं बघितलंच न्हाई."

लगेच गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "सणाच्या दिवशी कामं टाकून नागपूरला पळाल्यावर काय बघणार?" आणि आणखी एकजण आणखी काही म्हणाला. ते मी इथं लिहीत नाही. तुमच्या वस्तीनं ते हजारदा ऐकलंय, तुला शब्दन् शब्द माहीत असणार. त्यावर लोक हसले, आणि मी हसलो. हसून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला लोक हसताना बघून भर घालायचा रोग. मी म्हणालो, "आता मालक, जिंतूरला जायचं तर तोंड परभणीकडं करून बसा!"

असा हशा मी जन्मात कमावला नव्हता. मालकसुद्धा कडबा झटकत हसले. माझ्यावरचं बालंट गेलं. ते गेलं ते सरळ तुझ्यावर जाऊन बसलं, आणि कुणी विचारलंसुद्धा नाही की इंजिन उलटं फिरत असेल तर ते सात दिवस बरोबर कसं काय गुरगुरत होतं. विचारायची गरज पडली नाही. तू त्यांच्या मनात आधीच चुकलेला होतास; मी फक्त कारण पुरवलं.

तिसऱ्या दिवशी तू आलास. गळ्यात निळा रुमाल, पायावर नागपूरची धूळ. कुणाशी बोलला नाहीस, थेट गाडीखाली गेलास. पाव मिनिटात बाहेर आलास आणि पाना मागितलास. दहा नट काढलेस, तुकडा फिरवून वरची बाजू वर केलीस, दहा नट आवळलेस; तो उलटा बसला की चाकंही उलटी फिरतात, एवढंच होतं. मी जवळच उभा होतो. तू हात पुसत विचारलंस, "ठिपका कुठं गेला?"

"धुतला. खंडेनवमी होती."

"आन् मालकाला काय सांगितलंस?"

मी गाडीच्या दिव्याकडं बघितलं.

"जा. आत्ता सांग."

"सांगतो की. आज मालकाकडं पावणे हाएत. उद्या सांगतो."

मग मी वर तोंड करून हेही म्हणालो, की तू चुन्याऐवजी छिन्नीनं पक्की खूण का केली नाहीस? चूक तुझीपण आहे. तू माझ्याकडं असं बघितलंस की त्या दिवसापासून मला आरशात दाढी करताना डोळे वर करवत नाहीत. हे वाढवून सांगत नाही. पाहिजे तर मोज.

तू स्वतः जाऊन मालकांना सांगितलंस. मी गोठ्यातून ऐकत होतो. मालक म्हणाले, "आता पुढं जायलीय न्हवं? मग झालं की. कशाला उगं त्या रंगनाथचं नाव घेतूस. तू तर हितं नव्हतासच." तू ओट्याखाली थोडा वेळ उभा राहिलास. मग निघून गेलास. जीपवाल्यांनी औरंगाबादेत दुसरा कारागीर धरला. नाक्यावरच्या जागेवाल्यानं तुला सांगितलं की पुढच्या वर्षी बघू. तू जिनिंगमधेच राहिलास.

आणि माझी मात्र गोष्ट चालू लागली. मी तिला चारा घातला. पहिल्या महिन्यात गाडी मागं मागं नाक्यापर्यंत गेली. संक्रांतीपर्यंत ती पाठमोरी जिंतूरला पोचली. समोरून येणाऱ्या येसटीच्या ड्रायव्हरनं पेटती विडी गिळली. जिंतूरच्या लोकांना कळेना, ही गाडी आत्ता आली की आत्ता निघाली. लग्नात, बारशात, फाटक बंद पडलं की पिंगळीला, लोक म्हणायचे, "रंगनाथराव, उलट्या मिस्त्रीची सांगा." तुला नावच पडलं ते. आणि मी गाडीच्या बॉनेटवर बसून सांगायचो. तू बसवलेलं इंजिन माझ्या बुडाखाली गरम असायचं.

एकदा जिनिंगच्या फाटकाबाहेर तू गाठलंस. रागावला नव्हतास, ते जास्त वाईट होतं. म्हणालास, "रंगनाथ, गोष्ट लय झ्याक सांगतूस. मोडू नको. फकस्त माणसाचं नाव बदल. माझं काढ, तुझं घाल."

मी काय म्हणालो आठवतं? "माझं नाव घातलं तर मजा जाती."

किसन, माणूस थापा मारतो, पोटासाठी मारतो, हौसेसाठी मारतो, देव एखादवेळी तेही पोटात घालील. पण हे वाक्य थाप नव्हती. मी जन्मात बोललेलं हे सगळ्यात खरं वाक्य. तुझ्या नावावर लोक हसायला तयार होते आणि माझ्या नावावर नव्हते, हे मला ठाऊक होतं आणि मी त्याच्यावर जगलो.

त्यानंतर तू त्या गाडीत बसला नाहीस. तीन वर्षांत एकदाही नाही. उन्हात डांबर वितळायचं, तू जिनिंगमधून चालत निघालेला असायचास, मी शेजारी गाडी थांबवायचो. "बस की." तू आधी इंजिनाकडं कान द्यायचास, आवाज बरोबर आहे का ऐकायचास, आणि मग विचारायचास, "सांगितलंस का?"

"सांगतो."

"मग चल पुढं." आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागायचास. इंजिनाचा आवाज जरा बदलला असला तर तेवढं मात्र सांगायचास. "तिसरा वॉल्व्ह बघ." मी बघायचो. तिसराच असायचा.

यंदाच्या पावसाळ्यानंतर तुला कावीळ झाली. झाडपाला झाला, अंगारा मी आणला होता तो तू घेतला नाहीस, ते बरोबरच. शांतावहिनींनी निरोप पाठवला की दवाखान्यात न्यायचंय. मी मालकांना न विचारता गाडी काढली. तुझ्या दारात लावली, मागचं दार उघडून उभा राहिलो. वहिनींनी तुला धरून बाहेर आणलं. डोळे हळदीसारखे. अंगावर फक्त हाडं. उंबऱ्यात थांबून तू माझ्याकडं बघितलंस.

"सांगितलंस?"

मला म्हणता आलं असतं, हो. जो माणूस आयुष्यभर खोटं बोलला त्याला एक "हो" जड नव्हता. तू ऐकून आत बसला असतास, गादीवर आडवा झाला असतास. पण तुझ्यासमोर नाही आलं तोंडातून. मी मान हलवली. नाही.

"शांता, टांगा बोलाव."

वहिनी रडायला लागल्या. म्हणाल्या, "आवं, गाडी दारात हाय. कशाला असं करायलात?"

"टांगा."

टांगा आला. तुला उचलून आत ठेवलं. तो खडखडत निघाला आणि मी मागून गाडी घेऊन निघालो, पहिल्या गिअरमधे, घोड्याच्या चालीनं. परभणीच्या रस्त्यानं लोकांनी बघितलं: पुढं टांग्यात आजारी माणूस, मागं रिकामी सतरा फुटी मोटार. दवाखान्यापर्यंत तासभर लागला असेल. इंजिन एकदाही गचकलं नाही, बंद पडलं नाही, गरम झालं नाही. इतक्या सावकाश चालवूनही. असलं बसवलं होतंस. मी स्टेअरिंग धरून रडत होतो आणि कान आपोआप वॉल्व्हकडं होता.

पाचव्या दिवशी तू गेलास.

विहारातल्या शोकसभेत मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. गोळा मी बसवला, ठिपका मी धुतला, खोटं मी बोललो. मनातून वाटलं, आता रडतील, शिव्या देतील, काहीतरी होईल. कुणी हललंसुद्धा नाही. मग शांतावहिनी पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरत म्हणाल्या, "भावजी, हे हितं कशाला सांगायलात? हितं लहान लेकराला बी ठावं हाय. जिथं हसले तिथं जाऊन सांगा."

खाली बसलो. पळवाट शोधून ठेवायची माझी कला बघ, किसन. कबुलीसुद्धा मी जिथं तिची गरज नव्हती तिथं दिली.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या ओट्यासमोर गेलो. ओट्यावर माणसं होती. मुद्दाम खाली उभं राहून सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "मन मोठं हाय बाबा तुझं. गेलेल्या माणसाला चांगलं म्हणायचं म्हणून किती ते खोटं बोलशील!" मी शपथ घेतली. ओट्यावरच्या एकानं विचारलं, "कुठल्या रणगाड्याची शपथ?" सगळे हसले. हाटेलात सांगितलं, तिथं म्हणाले, गोष्टीचं हे नवं शेपूट जमलं नाही, जुनंच सांग. नाक्यावर सांगितलं, फाटकावर सांगितलं. खरं बोलायला मी इतका उशीर केला होता की ते माझ्या तोंडात परक्या माणसाच्या कवळीसारखं दिसायला लागलं होतं.

काल ताडकळसच्या बाजारात सवाऱ्या घेऊन गेलो होतो. चहाच्या पालाखाली एक अनोळखी माणूस बाकड्यावर बसून गोष्ट सांगत होता. माझीच. विडी गिळलेली, जिंतूरकर बुचकळ्यात पडलेले, सगळं जागच्या जागी. मला बघितलेलंही नव्हतं त्यानं कधी. "असा तो उलटा मिस्त्री," तो म्हणाला, आणि दहा माणसं हसली. त्यांतल्या एकानंही तुला पाहिलेलं नसणार.

मी म्हणालो, "थांबा. ती गाडी ही बाहेर उभी हाय. ड्रायव्हर मी. गोळा मी उलटा बसवला. मिस्त्री गावात नव्हता."

सांगणारा चिडला. "तुमी कोण? गोष्ट बिघडवू नका की."

"बिघडवायलाच आलोय," मी म्हणालो, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कॅलेंडरचा पुठ्ठा, सात रविवार, सिगरेटचा कागद, खंडेनवमी. एकही हत्ती घातला नाही. निम्मी माणसं मधेच उठून बाजाराला गेली. काही हसली. एक म्हातारा मात्र चहा थंड करत बसून राहिला. जाडजूड चष्मा, हाताला तेलाचे डाग. त्यानं विचारलं, "गाडी दाखवता का?"

मी बॉनेट उघडलं. तो वाकला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या तुझ्या प्लेटवर त्यानं नखाची कड फिरवली, सांध्यावरून पूर्ण गोल, कुठं अडतंय का बघत. कुठंच अडलं नाही. मग म्हणाला, "चालू करा." चालू केलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"बसवल्यापासून हा सांधा किती वेळा खोललाय?"

"एकदाबी न्हाई."

त्यानं हात पुसले. मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून विडीच्या बंडलाचा कागद काढला, कानावरची पेन्सिल काढली. "माजी जीप हाय, दोन वर्षं झाली उभी. ह्याच माणसाकडून करायचीय. नाव सांगा."

मी म्हणालो, "किसन तुकाराम खंदारे."

त्यानं तीनही शब्द नीट, सावकाश लिहिले. किसन, तुझं पूर्ण नाव मी भर बाजारात पहिल्यांदा घेत होतो.

"आन् कुठं गाठ पडंल त्यांची?" त्यानं विचारलं, आणि पेन्सिल कागदावर टेकवून माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला.